सुरय वाळूत, कौशल्या वेंगुर्ल्यात

मु. बुऱ्हाणपूर, तापीकाठ
वैशाख लागला

साडूभाऊ निरंजनराव मास्तर यांना हिरामणचा तापीच्या तापल्या वाळूवरून रामराम.

तुमचा खोकला समुद्राच्या हवेनं पळाला असेलच. ज्योत्स्नाताईंचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं खुशाल. म्हणजे केळी खुशाल, म्हैस खुशाल, आणि मी खिचडी शिकलो. कौशल्या आठ दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आली त्याला आज एकोणीस दिवस झाले, पण मला त्याचं काही नाही. यायचं तेव्हा येईल. (हे वाक्य तिला जरा मोठ्यानं वाचून दाखवा.) पत्र अशासाठी लिहितोय की फोन तीच उचलते, "पक्षी बरा आहे ना?" एवढं विचारते आणि ठेवून देते.

तर झालं असं. आमच्या बागेपुढं तापी उन्हाळ्यात आटते आणि मधोमध वाळूचं बेट उघडं पडतं. चैत्रात तिथं एक पक्षी दिसला. मैनेएवढा, पांढराशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, कपाळ पांढरं, चोच पिवळी आणि टोकाशी काळी. शेजारचा निंबा म्हणाला, टिटवी. (त्याला कावळा सोडून सगळ्या टिटव्याच.) मग आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही दिलेलं पक्ष्यांचं पुस्तक काढलं. (तेव्हा आम्ही दोघंही मनात म्हणालो होतो, मास्तरांनी मिक्सर दिला असता तर!) त्यात नाव निघालं सुरय, पाण्यावर सूर मारून मासोळ्या टिपणारा. या चिमुकल्या सुरयाचे दोन भाऊ, म्हणजे दोन जाती, दिल्यात. एक नदीवरही संसार मांडतो, समुद्रावरही. दुसरा अस्सल किनाऱ्याचा. अरबस्तानापासून गुजरातेपर्यंत आणि खाली श्रीलंकेपर्यंत, पण खाऱ्या पाण्याच्या काठाशिवाय अंडं घालायचं नाही अशी त्याची आण. खूण एवढीच की पहिल्याच्या कपाळाचा पांढरा पट्टा डोळ्याच्या मागे जातो आणि पाय पिवळे असतात, दुसऱ्याचा पट्टा डोळ्याआधीच थांबतो आणि पाय मळकट. मी डोक्यावर ओला पंचा घेऊन चार दिवस पालथा पडून पाहिलं आणि ठरवून टाकलं, हा किनाऱ्याचाच! तापी समुद्राला मिळते तिथून नदीच्या कडेकडेनं उलटा उडत खास माझ्या बागेपुढं आलेला.

हे मी कौशल्याला सांगितलं. ती भाकरी घेऊन वाळूत आली होती. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "एकतीस वर्षं झाली, समुद्र दाखवा म्हणते, तर तुमचं एकच, आता नाही, केळीला घड आलाय. आणि समुद्राचा पक्षी दारात आला तर त्याच्यापुढं पालथे पडलात! अहो, केळीला घड बारा महिने येतो." दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली. खरं सांगतो मास्तर, तिचं काही चुकलं नाही.

ती गेली त्याच दिवशी वाळूत दोन अंडी दिसली. घरटं म्हणजे काय, टाचेनं करावा तसा खळगा. काडी नाही, गवत नाही. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची, आणि ऊन असं की वाळूवर पापड भाजावा. आता केळीवाल्याला उन्हात उघडं पडलेलं काही बघवत नाही. आम्ही घडाला सुकी पानं गुंडाळतो, नाहीतर फळ करपतं. माझे हात शिवशिवले. पक्षी उठला तसा मी गेलो आणि अंड्यांवर चार सुकी पानं झाकली, वरून सुतळी बांधली. (सुतळी कशाला, विचारू नका. सवय.) झालं! नर-मादी दोघं चिरकत माझ्या टाळूवर असे कोसळायला लागले की टोपी गेली. खाली उतरेचनात. अंडी भाजून मरणार आणि मारणारा मी! काठावरून निंबा ओरडला, "काका, अंडं आहे ते, घड नाही!" मी सरपटत जाऊन पानं ओढली. आणि रडू आलं हो मला, निंबादेखत.

मग नर नदीवर गेला, पोट पाण्यात भिजवून आला आणि त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसला. तेव्हापासून रोज बघतोय. एक पाळी त्याची, एक तिची. ती उडून गेली तर हा विचारत नाही कुठं चाललीस, कधी येणार. बसून राहतो. अंड्यांच्या आधी तो चोचीत मासोळी धरून तिच्यापुढं उभा राहायचा. ती तोंड फिरवायची, तो पुन्हा दुसरी आणायचा. (मी लग्न ठरल्यावर एकदा मावा जिलेबी नेली होती. ती पहिली आणि शेवटची.) दुपारी वाळूवरची हवा हलायला लागते, बेट पाण्यावर तरंगतंय असं वाटतं, माझा डोळा लागतो. झोपेत तापी रुंद होत जाते, पार पलीकडचा काठच दिसेनासा होतो, आणि कौशल्या घोटाभर पाण्यात साडी उचलून पाठमोरी उभी असते. मी हाक मारतो, तर तोंडातून निघतं नुसतं चिर्रिक.

असो. उन्हात फिरू नका. ज्योत्स्नाताईंना नमस्कार.

तुमचा साडू,
हिरामण

ता. क. : आज पाय नीट दिसले. पिवळेधमक. पट्टाही डोळ्याच्या मागे गेलाय. म्हणजे हा दरवर्षी तापीवर येतच असणार, मीच कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. कौशल्याला सांगू नका. नको, सांगाच.

ता. क. २ : सकाळी पहिलं अंडं फुटलं. पिल्लू हललं म्हणून दिसलं, नाहीतर वाळूच. मी "अगं, बघ!" म्हणून मागे वळलो, तर मागे कोणी नव्हतं. तेव्हा वरती "मला त्याचं काही नाही" असं जे लिहिलंय, ते वाचून दाखवू नका.

ता. क. ३ : खरं काम हे. तिला परत पाठवा म्हणत नाही. मी आलो तर तिला चालेल का, एवढं विचारा. उत्तर कळवायची घाई नको, कारण मी शुक्रवारी निघतोय. बाग निंबाकडे सोपवली, मावा जिलेबी बांधून घेतोय. समुद्र तिनं दाखवायचा, मी बघायचा. तिला एवढंच सांगा, केळीला घड आलाय. तरी येतोय.