सदतीस प्रिपेअर

५ नोव्हेंबर, सकाळ
ढाणकीच्या वधू-वर मेळाव्याची साइट पूर्ण. सगळं कोडिंग एकट्याने. अध्यक्ष शीलाताई खूश. त्यांची भाची मैत्रेयी पुण्यात प्रोग्रामर, सध्या सुट्टीवर. तिच्यावर छाप पाडायची आणि मेळाव्यात मागणी घालायची. ठरलं.

दुपार
मैत्रेयीने कोड पाहिला. म्हणे, लोक सर्चमध्ये टाइप करतात ते तू डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, थेट चिकटवतोस; त्यासाठी वेगळी जागा, पॅरामीटर, ठेव, नाहीतर कोणीही साइट फोडेल. मी सांगितलं, माझी प्रत्येक क्वेरी प्रिपेअर केलेली, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली आहे. तर म्हणते, "नुसतं प्रिपेअर करून काय होते? छापील फॉर्मातली रिकामी जागा भराले द्याची असते. तू अख्खा फॉर्मच लिहाले देऊन राह्यला." पुण्याची हवा लागली आहे. बदलणार नाही.

७ नोव्हेंबर
मोजलं. सदतीस ठिकाणी प्रिपेअर आहे. याहून सुरक्षित साइट यवतमाळ जिल्ह्यात कोणी दाखवावी.

९ नोव्हेंबर
एका ठिकाणी पॅरामीटर लावून पाहिला. एरर आली. काढून टाकला. म्हणजे माझंच बरोबर.
सर्च केलं की माझा बायोडाटा पहिला येतो. उंची पाच फूट आठ. फक्त टेस्टिंगसाठी.
मैत्रेयीचा बायोडाटा लपवला. त्यावर शेरा टाकला: 'राखीव, संघर्षसाठी'. म्हणजे माझ्यासाठी. बायोडाटाच दिसत नाही, तर शेरा कोण वाचणार?

१२ नोव्हेंबर
शीलाताई विचारत होत्या, "पोरीले एकही फोन नाही आला, काहून?" चांगलं स्थळ जवळच असतं, असं मी सुचवलं. त्यांनी ढाणकीतली तीन नावं घेतली. त्यात मी नव्हतो.

१६ नोव्हेंबर, मेळावा
विहाराच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. तीनशे माणसं. मी म्हणालो, ही साइट कोणीही फोडून दाखवावी. मैत्रेयी उठली. सर्चमधल्या गावाच्या रकान्यात गावाऐवजी कोडची एक ओळ टाइप केली. लपवलेलं सगळं उघडं. लपवलेलं एकच होतं. तिचा फोटो, खाली माझा शेरा, भिंतीएवढा.
शीलाताईंनी तो मोठ्याने वाचला. मग मला उभं केलं, शेजारी त्या तीन नावांतल्या गोपालला. तो पाच फूट आठ आहे. मी त्याच्या कानापर्यंत.
मागणी घालायची राहिली.

१७ नोव्हेंबर
सदतीस ठिकाणी पॅरामीटर लावतो आहे. स्वेच्छेने. शीलाताई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आहेत.
माझा बायोडाटा काढला, मैत्रेयीचा दिसू लागला. तिला सकाळपासून नऊ फोन आले.
म्हणजे साइट चालते. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.