उलट चाक

तीर्थस्वरूप दादा,

या कॅरॅव्हॅनमधला पलंग ज्याने बनवला, त्याच्यावर खटला भरावा असं माझं ठाम मत झालं आहे. माझे पाय बाहेर राहतात आणि त्यांच्यावर डास सभा भरवतात.

"भावोजी गेल्यावर एकटी राहिलीस ते ठीक, पण गाडीमागे घर ओढत किनाऱ्याने हिंडणार? आठवड्यात म्हणशील, दादा, न्यायला ये," असं तू म्हणाला होतास. पहिल्याच मुक्कामी मी फोन हातात घेतलाही होता. घर मागे घेताना रस्त्यात आडवं झालं आणि कॅरॅव्हॅनच्या तळावरचे सगळे चहाचे कप घेऊन गंमत बघायला आले. एक निवृत्त नर्स तेवढी कप खाली ठेवून पुढे आली.

"अगं बाई, शेपूट जिकडे न्यायचं, त्याच्या उलट स्टिअरिंगचं चाक फिरव!"

घर जागेवर लागलं. गाडी घरंगळू नये म्हणून तिने स्वतःचा लाकडी ठोकळा चाकाखाली लावला. "परत नको. पुढच्या अडलेल्याला दे." तेव्हापासून आमचे मुक्काम शेजारी-शेजारीच असतात.

आज एक कप्तान आला. जन्म जहाजावर गेला, पण घर काही मागे जाईना. बायको ओरडत होती, "अहो, नांगर नाही टाकायचा, ब्रेक मारा!"

मी कप खाली ठेवला. एका दमात त्याचं घर लावून दिलं. नर्सबाई ऐटीत सगळ्यांना सांगत होती, "माझी शेजारीण!"

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, स्वतःच घेऊन येईन. तुझ्या फाटकातून घर उलटं आत घेईन, तेव्हा तू कप घेऊन गंमत बघायला उभा असशीलच.

कप्तान आत जेवतोय. तेवढ्यात ठोकळा त्याच्या चाकाखाली सरकवून येते.

न्यायला न बोलावणारी,
तुझी धाकटी