दहाव्याला वाजलेली नवरीची चाल

१९ नोव्हेंबर
आज बोरी बु.च्या घाटावर माझ्या चपलांचं अपहरण झालं. कोल्हापुरी, वय अवघं अकरा दिवस. मोबदल्यात दोन चपला ठेवल्या होत्या, दोन्ही डाव्या पायाच्या. या पातकाला शास्त्रात प्रायश्चित्त असणारच. तूर्त स्मरत नाही.
प्रसंग: एका पुढाऱ्याच्या चुलत्यांचा दहावा. वार्ताहर म्हणून हजेरी लावणं भाग होतं. प्रवचन, मग नऊ श्रद्धांजल्या. पैकी सातांत दिवंगतापेक्षा येती निवडणूकच जास्त होती.
गर्दी पांगली, मी चपला शोधत राहिलो. खालच्या पायरीवर दुसरा एक दहावा चालला होता. पाच-सहा माणसं, कर्णा नाही, पुढारी नाही. विधी आटोपला तसा नुकतं मुंडण केलेला एक माणूस उठला, पेटीतून क्लॅरोनेट काढलं आणि नदीकडे तोंड करून वाजवू लागला.
मला संगीतातलं काही कळत नाही. पायाखाली खडे टोचत होते हे तो थांबल्यावर कळलं.
नंतर तोच म्हणाला, "पावणं, अनवाणी कुठं निघाला? ह्या घाला, भाच्याच्या हायेत."
नाव सुदाम. पिंपरी पेंढारच्या लग्नाच्या बँडात वाजवतो. दहावा त्याच्या बायकोचा, सुमनचा. वाजवलं काय, तर नवरी मंडपात येताना वाजवतात ती चाल. मी चमकलो.
"आमच्या लग्नात मीच नवरदेव. बँडात दुसरा क्लॅरोनेटवाला न्हवता. ती आली नुसत्या ढोलावर. जलमभर टोमणा मारायची, साऱ्या गावच्या पोरी वाजवत आणल्या, मला तेवढी मुकी आणली. म्हणलं, आज तरी…"
 

३० नोव्हेंबर
भाच्याच्या चपला परत करण्याच्या निमित्तानं निमगाव सावा, तिथल्या लग्नात. चपला कुरियरनंही गेल्या असत्या. सुमनचा तेरावा होऊन आठवडा. सुदामच्या सदऱ्यावर बँडचा लाल कोट, डोक्यावर टोपी. जनरेटरच्या गाडीमागं उभा राहिलो. नवरी आली. तीच चाल. सगळे डोळे तिच्यावर, माझे त्याच्या बोटांवर.
जेवण न करता परतलो. सौ.ला हे खरं वाटलं नाही.

८ डिसेंबर
पाचवं लग्न. मंचर. फोटोवाल्यानं विचारलं, "काका, तुम्ही कुणाकडचे?" म्हटलं, "वाजंत्र्यांकडचा." त्यानं मला फोटोतून वगळलं.
सौ. म्हणते, "लोकांना वाटेल, यांना घरी जेवायला मिळत नाही." तिला समजावणार काय? बावन्नाव्या वर्षी माणूस कुणाच्या मागं लागला तर निदान कारण सांगता यावं. वेदपाठशाळेत सात वर्षं काढली, लोक अजून 'गुरुजी' म्हणतात, विशेषणांची कमतरता नाही. पण त्या एका लांब सुरापुढं एकही टिकत नाही. तो सूर तो शेवटी सोडून देतो, पडू देतो, आणि आपण उगीच हात पुढं करतो.
त्याला मात्र मजा वाटते. मला पाहिलं की बँडवाल्यांना सांगतो, "आमचे वऱ्हाडी आले."

१२ डिसेंबर
त्याला विचारलं, घाटावरचं लिहू का?
"लिवा की. फकस्त सुमनचं नाव येऊ द्या. पेपरात नाव यायसारखं तिनं काय केलं न्हवतं."
दुपारभर लिहिलं. खूप चांगलं झालंय. (हे वाक्य मी स्वतःविषयी क्वचित लिहितो. नोंद असावी.)

१७ डिसेंबर
छापून आलं! रविवार नसूनही अर्धं पान, फोटोसह. मथळा: 'दशक्रियेच्या घाटावर वधूप्रवेशाचे सूर'. एरवी माझे समास चेचणाऱ्या डेस्कनं या वेळी हात लावला नाही. एकच शब्द काढला. सुमन. उरलं 'दिवंगत पत्नी'. फोन केला तर म्हणे, ओळ तुटत होती.
सुदामला काय सांगू? दिवसभर अभिनंदनाचे फोन. घेतले सगळे.

२३ डिसेंबर
आळेफाट्यावर सुदामचा बँडमास्तर भेटला. "गुरुजी, लई भारी लिवलंय. घरोघर वाचलंय. तीच पंचाईत झालीय."
म्हणजे?
"नवरीच्या आया आयकत न्हाईत. म्हणत्यात, दहाव्याला वाजलेली चाल आमच्या पोरीला नको. म्हणलं, दुसरी वाजवू. तर म्हणत्यात, त्ये वाद्यच नको. म्हणलं, वाद्य बदलू. तर म्हणत्यात, त्यो माणूसच नको."
मी म्हटलं, असं कुठं असतं का?  असंच असतं हे मला ठाऊक होतं. या मुलखात जन्मलो, वाढलो. मंगल-अमंगल यांवर पाठशाळेत पानंच्या पानं पाठ केली. लिहिताना एकदाही मनात आलं नाही. परिणाम साधतोय, एवढंच मनात होतं.

२ जानेवारी
मंचरला कांतिशेठच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. धाकट्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत. वाजवायला सुदामला मीच ठरवून दिलं होतं. कांतिशेठ शब्दाचे पक्के, म्हणून आशा.
चहा मागवला. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, आमच्यात दहावा नसतो. मला काही वाटत नाही. पण मुलाकडच्यांनी मोबाइलवर कात्रण पाठवलंय. आता नवीन सोयरीक, कशाला…"
"कुणीतरी काहीतरी लिहितं, शेठ, त्यावर—"
"वर तुमचंच नाव आहे, गुरुजी."
चहा संपवला. चांगला होता.

१० जानेवारी
बोरीला जाऊन सुदामची माफी मागितली. आधीच जायला हवं होतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. कात्रण नीट घडी करून ठेवलंय त्यानं, सुमनच्या फोटोमागं. नाव नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. बोलला नव्हता.
मी म्हटलं, पेपरात खुलासा देतो.
"काय खुलासा करणार, गुरुजी? वाजवलंच न्हाई म्हणून?"
त्यानं कात्रण परत फोटोमागं सरकवलं.
"मी वाजवलंय. आन् तुमी आयकलंय. ऱ्हाऊ द्या तेवढं."

२६ जानेवारी
शाळेच्या कार्यक्रमात त्याला वाजवायला लावावं, म्हणून मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला होता. ते हो म्हणाले. सुदाम आला नाही. हल्ली तो द्राक्षबागेत मजुरीला जातो.
दुपारी बागेत गाठलं. मांडवाखाली वाकून घडातले जादा मणी छाटत होता, बोटं तशीच झरझर चालत होती. कात्री हातात.
"सवय सुटली का रे?"
"महिनाभर न्हाई वाजवलं की तोंड सुटतं, गुरुजी. व्हट धरत न्हाईत."
"मग घरी वाजव. रोज थोडं."
"घरी कुणापुढं?"
"मी येत जाईन."
हसला. पहिल्यांदाच मला बोचावं असं हसला. "तुमी याल. आन् मग परत लिवाल."

४ फेब्रुवारी
आज कांतिशेठच्या मुलीचं लग्न. निमंत्रण होतं, गेलो. डीजे होता. नवरी आली तेव्हा सवयीनं गाडीमागं जाऊन उभा राहिलो. मग तिथून निघालो.

११ फेब्रुवारी
सौ.नं विचारलं, "एवढं काय लावून घेतलंय? त्याला मजुरी मिळतेय ना?" मिळते. उपाशी नाही तो. मला त्याच्या पोटाचीच काळजी आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि मी वाटू देतो. ते दिसायला बरं दिसतं.
खरं इथं तरी लिहावं. मी त्याचं काम घालवलं, ही टोचणी आहे. पण रोज उठल्याबरोबर पहिलं मनात येतं ते हे नाही. पहिलं येतं की तो सूर आता मला पुन्हा ऐकायला मिळणार नाही. त्याची बायको गेली, काम गेलं, आणि मी रडतोय माझ्या कानांसाठी.
उद्या बोरीला जायचं म्हणतोय. तो वाजवेल या आशेनं जातोय की त्याला भेटायला, हे माझं मलाच कळत नाही. त्याला कळेल, याची मला भीती वाटते.