माउसची वायर

धामणगाव बढे
मंगळवार, दिवेलागण

आजही तेच. मोडेम फोन लावतो, किरकिरतो, आणि इंटरनेट जोडलं जातं न जातं तोच पडद्यावरचा बाण गोठतो. मग बटण दाबून बंद करा, पुन्हा सुरू करा. चार वेळा केलं.

वामनभाऊ शेजारी स्टुलावर बसून बघत होते. माझ्याच दुकानातून नेलेलं बीटी बियाणं, आणि बोंडात अळी. पाकिटं खरी की बनावट, हे मी कंपनीला मेलवर विचारलंय. त्या उत्तरासाठी बिचारे रोज येतात.

"काऊन अटकून राह्यलं हे, सुरेश?"

"मशीनच खराब आहे, भाऊ."

"बरं. उद्या येतो मंग. तुह्यावर भरोसा हाये मले."

ते गेल्यावर चिडून माउसची वायरच उपटली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. तर जोडलं गेलं! म्हणजे इतके दिवस माउस आणि मोडेमचंच भांडण होतं? कीबोर्डवरूनच मेलपर्यंत पोचलो. कंपनीचं उत्तर सगळ्यात वर होतं.

ती पाकिटं मी बिलाशिवाय घेतली होती, हे वामनभाऊंना कुठे ठाऊक आहे? पण मला? मला तेव्हा शंका आली नव्हती का? आली होती. तरी विकली.

फक्त एंटर दाबायचं होतं. बोट ठेवलंही होतं.

नाही दाबलं. सगळं बंद केलं, माउसची वायर परत जागेवर खोचली, आणि मशीन सुरू करून मोडेमचा फोन एकदा लावून पाहिला.

बाण गोठला. जिवात जीव आला.