समर्थच्या गालावरची तीट

बारामती,
९ फेब्रुवारी २०२५

ती. सारजाआत्यास,
अविराजचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. बालसंगोपनाच्या कोर्सला सतरा जणी आणि मी. अर्जावर 'कुमारी/श्रीमती' एवढंच छापलेलं होतं. दोन्ही पट्टीनं खोडून वर 'श्री.' लिहिलं. दहावी बाहेरून दिलेला माणूस मी, प्रत्येक कागद दोनदा वाचतो.

मेघनाताईंच्या पाळणाघरात सराव करतो. १० मार्चच्या परीक्षेत एका मुलाला भरवून झोपवायचं असतं, आणि त्याच्या आईची लेखी संमती लागते. पुरुष म्हटल्यावर कोणी आई देईना. फक्त प्रगतीताईंनी दिली. त्यांचा समर्थ दहा महिन्यांचा आहे. ही परीक्षा हुकली तर पुढची वर्षानं.

डबा एकटाच खातो. त्या सगळ्या गोल करून बसतात. मी गेलो की गप्प होतात.

इथं जीव रमत नाही, हे लिहायचं नव्हतं. पण खोडलं तर दिसेल.

तुझा,
अविराज

निरवांगी, ता. इंदापूर,
१५ फेब्रुवारी

चि. अविराज यास अनेक आशीर्वाद.

शेजारची वैष्णवी मी बोलंन तसं लिहितीया. हितं भेंडीची तोडणी चाललीया. बायका इचारत्यात, आमची पोरं बांधावर संबाळणारा कुठं गेला? वस्तीवरचा आबाजी म्हणाला, बाप्या माणसानं पोरं धुवायची व्हय? म्हणलं, तुझी कुणी धुतली ते बायकूला इचार, तुला ठावं न्हाय.

डबा घिऊन त्या पोरींत जाऊन बस. चावत न्हाईत त्या.

आत्या

बारामती,
२३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

माझ्या हातून चूक झाली. बाळाच्या तोंडाला काजळ नको, असं कोर्समध्ये शिकवलंय. शुक्रवारी समर्थचं तोंड पुसताना मी गालावरची तीटही पुसली आणि वहीत 'चेहरा स्वच्छ' अशी नोंद केली. घरी गेल्यावर त्याला ताप भरला. शनिवारी प्रगतीताई आल्या. म्हणाल्या, दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट पुसायला तुम्हाला कोणी सांगितलं? मी पुस्तकातलं पान दाखवलं. ते त्यांना जास्तच लागलं. संमतीचा कागद परत घेऊन गेल्या.

मेघनाताई म्हणाल्या, नियम तुझा बरोबर, पण मूल तिचं आहे.

दुसरी कोणी आई तयार नाही. सोडून निरवांगीला येऊ का? लगेच कळव.

अविराज

निरवांगी,
२७ फेब्रुवारी

चि. अविराज यास आशीर्वाद.

यिऊ नगंस. ताप दातांचा आसंल. पर तीट म्हंजी नुसतं काजळ न्हवं. आई कामाला जाताना लेकराजवळ आपला हात ठिवून जाती. तो तू पुसलास.

पुस्तक घरी ठिव. न इचारता पुसलं, येवढंच कबूल कर. आन् गालावर चालत नसंल तर कुठं लावायची, ते तिलाच इचार. आमी तळपायाला बी लावतो.

आत्या

बारामती,
१० मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी प्रगतीताईंच्या घरी गेलो. तू सांगितलंस तेवढंच बोललो. त्यांनी मला आत बसवलं. मग म्हणाल्या, दातांचाच ताप होता, डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या दिवशी मी घाबरले होते. आज सकाळी त्यांनी समर्थच्या तळपायाला तीट लावली आणि कागदावर सही केली.

परीक्षा पाळणाघरातच होती. परीक्षक बाईंसमोर त्यानं अर्धी वाटी मऊ भात खाल्ला आणि माझ्या खांद्यावर झोपला. मी पास झालो. एक तारखेपासून इथंच कामाला ये, असं मेघनाताई म्हणाल्या.

निकाल सांगितल्यावर सगळ्याजणी घरी फोन करायला बाहेर गेल्या. मी मुलांजवळ थांबलो. सहापर्यंत एकेकाला न्यायला माणसं आली. समर्थ आईकडं जाईना, माझी कॉलर धरून बसला. त्याची बोटं मीच एकेक करून सोडवली.

मग पाळणाघर शांत झालं. मला न्यायला कोणी येणार नव्हतं, म्हणून चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

तुझा लोभ आहेच. मी लांब आहे म्हणून तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
अविराज