दुसऱ्या खेळाडूचे गुण

अखिलपिक्सेलमंडलाधीश, अंगुष्ठद्वयधुरंधर, परीक्षाकाळीही अविचल श्रीमान दादा यांचे चरणी साष्टांग नमस्कार.

तो व्हिडिओ गेम नवा असता तू "पंतोजी, एक डाव तरी खेळ रे!" म्हणून विनवीत होतास आणि मी "बालिश चाळे!" म्हणून पुस्तकात मग्न होतो. तुझ्या निधनानंतर वहिनीने ते यंत्र माझ्या स्वाधीन केले. काल पन्नाशीत प्रथमच सुरू केले. पडद्यावर गुणांची जुनी यादी उमटली: प्रथम 'पंतोजी', द्वितीय तू. एकटाच दोघांचे डाव खेळून तू मला जिंकवीत होतास.

आता मी खेळावयास सिद्ध आहे.

तुझा विलंबविशारद अनुज,
पंतोजी

ता.क. दुसऱ्या रिमोटचे उडीचे बटण अडकते. दुरुस्तीवाला म्हणतो, "काका, हे आधीही बदललेलं दिसतंय; असली बटणं आता कुठं मिळतात?" तू कोठून आणीत होतास, हे कोठेही लिहून ठेवले नाहीस.