डुगडुगत्या खुर्चीचा तह

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. खुर्च्या उचलून कंबर अशी धरली आहे, की वाकलो तर उठवायला माणूस लागेल.) तुझे गुडघे बरे असतील अशी आशा करतो. रागाची चौकशी पुढे करीन. बाबांना न सांगता लिहितो आहे, कारण आमच्याकडे तुझं नाव काढायला अजून बंदी आहे.

तुला ठाऊकच आहे, मी हॉटेलच्या मोठ्या हॉलची व्यवस्था बघतो. एरवी लग्नं आणि वाढदिवस, पण मागच्या आठवड्यात आमच्या नशिबी चक्क तह आला. वर्षानुवर्षं एकमेकांच्या उरावर बसलेले दोन बडे देश एकदाचे टेबलाशी बसायला तयार झाले, आणि बसायचं कुठे यावरून पुन्हा जुंपायची वेळ आली! युद्धाआधी टेबलाच्या टोकाची खुर्ची मिशीवाल्यांच्या देशाची असे. देश हरला, पण मिशी खाली यायला तयार नाही. जिंकलेल्या देशाचे छडीवाले म्हणाले, टोक आता आमचं. (जिंकले खरे, पण कोटाच्या कोपराला ठिगळ होतं. जिंकण्यातही माणूस किती झिजतो बघ.) तिसरे टोपीवाले, शेजारच्या देशाचे. ते लढलेच नाहीत, दोघांनाही गहू आणि कोळसा पाठवत राहिले. त्यांचं म्हणणं, कुठेही बसवा. मॅनेजरसाहेबांनी मला बजावलं, बोलणी फिसकटली तर उद्यापासून येऊ नकोस. म्हणजे सैन्य सीमेवर आणि मी घरी.

तेव्हा तू आठवलीस. ताईच्या लग्नात रुसलेल्या एकेका पाहुण्याच्या कानाशी लागून, त्याचीच जागा मानाची कशी, हे तू असं पटवलं होतंस की शेवटी आचारीसुद्धा स्वतःला यजमान समजायला लागला. धन्य आहे बाई तुझी! मी तेच केलं. टोकाच्या खुर्चीचा पाय डुगडुगता करून ठेवला आणि ती बाद केली. मिशीवाल्यांना खिडकीशी बसवलं: उजेड थेट चेहऱ्यावर पडतो. छडीवाल्यांना दारासमोर: येणाऱ्याची पहिली नजर तुमच्यावर. दोघेही फुलून बसले. उरलेले टोपीवाले स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. त्यांना म्हटलं, चहा आधी तुम्हाला.

इथेच घात झाला. त्यांचा चहा वाफाळता, बाकीच्यांपर्यंत पोचेतो गारढोण. मिशीवाल्यांनी खुर्ची जराशी तिकडे सरकवली. छडीवाल्यांनी त्याहून जराशी जास्त. मला घाम फुटला. पण चहा हा नुसता बहाणा होता गं. पडलेले पूल कशाने बांधायचे, पेरायला बियाणं कुठून आणायचं, काहीही विषय निघाला की दोघांच्या माना टोपीवाल्यांकडे वळायच्या. सह्या झाल्या, माझी नोकरी वाचली. हॉल आवरायला गेलो तर सगळ्या खुर्च्यांची तोंडं स्वयंपाकघराकडे! आणि ज्या टोकासाठी एवढी माणसं मेली, त्या खुर्चीवर कोणीतरी ओली छत्री ठेवून गेलं होतं. फार वाईट वाटलं, आत्या.

आणि खरं सांगू? मला आपलंच घर दिसलं. आजीच्या शिलाई मशीनवरून तू आणि बाबा हातघाईवर आलात. बाबा जिंकले. मशीन आमच्याकडे आलं, त्यावर कुंडी ठेवली आहे, कारण ते चालवता येतं एकट्या तुला. आणि त्या सगळ्या धुमश्चक्रीत मूग गिळून निरोपांची ने-आण करणारी धाकटी काकू, आज तिच्या होकाराशिवाय आपल्या दोन्ही घरांत पडदासुद्धा बदलत नाही. तिच्याबद्दल तक्रार नाही, बाई हुशार आहे. पण तुम्ही दोघं काय मिळवलंत?

मोठ्यांना नमस्कार, लहानांना टपली.

तुझा भाचा
(कंबर सुटल्यावर खरोखर वाकणारा)

ता. क. माझं लग्न ठरलं आहे. काकूची मंजुरी मिळाली. पाहुणे बसवायला तुझ्याशिवाय कोणी नाही. चार दिवस आधी ये.

ता. क. २. तुझी खुर्ची बाबांच्या शेजारी ठेवणार आहे. तुझ्या कानाशी लागून सांगतो, तीच मानाची.

ता. क. ३. घोटाळा झाला. पाकीट बंद करण्याआधी बाबांनी पत्र वाचलं. मी पळायच्या तयारीत होतो. त्यांनी मशीनवरची कुंडी उचलून खिडकीत ठेवली, फडक्याने मशीन पुसलं, आणि पाठमोरेच म्हणाले, "तिला उंच खुर्ची दे. बुटक्या खुर्चीवरून उठताना तिचे गुडघे दुखतात."